खिशातील सोवळे

परगावी जाताना स्वतःचा तांब्या बरोबर नेणारा आणि यजमानाची चूल वापरली तरी भांडी मात्र आपलीच मांडणारा सोवळेकरी आता दुर्मीळ झाला असला, तरी ती परंपरा लोप पावली असे मानण्याचे कारण नाही. किल्ल्यांच्या जुडग्याला लिनक्सचा पेनड्राइव्ह अडकवून हिंडणाऱ्या गृहस्थाच्या रूपाने ती संगणकक्षेत्रात सुखाने नांदत आहे. हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये निर्माण केलेली लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाचा सारा कारभार पाहणारी प्रणाली होय, असे कोणी म्हटल्यास हा गृहस्थ ‘लिनक्स म्हणजे केवळ गाभा’ अशी दुरुस्ती तत्काळ सुचवतो, आणि आपल्याला प्रिंटर चालत नाही म्हणून बोलावले होते, याचा त्याला साफ विसर पडतो.

त्याचे सोवळे ‘लाइव्ह’ पद्धतीचे असते. म्हणजे यजमानाच्या हार्ड डिस्कला न शिवता प्रणाली थेट पेनड्राइव्हवरून मेमरीत घेऊन चालवली जाते. क्लाउस क्नॉपर याच्या ‘क्नॉपिक्स’ने २००० साली हाच प्रयोग सीडीवर केला होता, ही माहितीही यजमानास न विचारता मिळते. संगणक सुरू होताच गृहस्थ संध्येतील न्यासाच्या भक्तिभावाने एफ-२, एफ-१२, एस्केप आणि डिलीट या कळांना क्रमाने स्पर्श करतो, कारण बूट मेन्यू, म्हणजे कोणत्या साधनावरून सुरुवात करावी हे विचारणारी यादी, कोणत्या कंपनीने कोणत्या कळेमागे दडवली आहे, हे आधी सांगता येत नाही. ‘सिक्युअर बूट’ हा स्वाक्षरीवाचून कोणासही आत न घेणारा द्वारपाल आडवा आल्यास त्यालाच रजेवर पाठवले जाते. दोन तास खपून वाय-फाय जुळते, आणि संगणक बंद करताच सारे पुसले जाते; कारण केलेले बदल टिकवणारा ‘पर्सिस्टन्स’ नावाचा भाग पेनड्राइव्हवर राखण्याचे राहून गेलेले असते.

तेव्हा तो बाह्य एसएसडीवर लिनक्सचे कायमचे बिऱ्हाड थाटतो. मात्र ‘ग्रब’ हा प्रणालीस जागे करणारा छोटा प्रोग्रॅम कोठे बसवावा, या प्रश्नाचे उत्तर घाईत दिले गेल्याने तो यजमानाच्याच डिस्कवर विराजमान होतो. गृहस्थ एसएसडी खिशात घालून निघून जातो आणि दुसऱ्या दिवशी यजमानास काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढीच अक्षरे दिसतात. पाहुण्याने घराचे कुलूप बदलून किल्ली सोबत नेल्यासारखाच हा प्रकार असतो.

निरोप मिळताच तो आनंदाने परततो, विंडोज किती ठिसूळ असते हे समजावतो, आणि दुरुस्ती चालू असताना यजमानाची वीज, यजमानाचे वाय-फाय व यजमानाचा दोन वेळचा चहा निःसंकोच स्वीकारतो. कारण त्याचे सोवळे हार्ड डिस्कपुरतेच असते.