अर्जासोबत डुकराचा फोटो जोडावा

पेंचच्या अंधाराला प्रमाणपत्र आहे. जानेवारी २०२४ मध्ये डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेने महाराष्ट्राच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरवलं. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांमधले शंभरावर दिवे बदलले, उजेड आभाळाकडे जाऊ नये म्हणून त्यांची तोंडं जमिनीकडे वळवली. पेंचच्या वाघांच्या व्यवस्थेलाही प्रमाणपत्र आहे. २०२१ च्या व्याघ्रदिनी देशातल्या ज्या १४ प्रकल्पांना ‘कॅट्स’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन जाहीर झालं, त्यांत महाराष्ट्रातला एकटा पेंच होता. नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन आहे, भिवापूरच्या मिरचीला आहे. जिल्ह्यात आता बिनकागदाचा एकच प्राणी उरलाय. रात्री ज्याच्या वावरात रानडुकरांची पंगत बसते, तो.

परदेशात ही उणीव केव्हाच भरून निघाली. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १९८१ पासून ‘लँड फॉर वाइल्डलाइफ’ चालू आहे. जमिनीचा तुकडा रानासाठी राखणाऱ्या मालकाला तिथे फाटकावर लावायला पाटी मिळते. युरोपातली जमीनमालकांची संघटना ‘वाइल्डलाइफ इस्टेट्स’ हे लेबल देते, ते स्कॉटलंडच्या मोठमोठ्या इस्टेटींपर्यंत पोचलंय. तिकडच्या मालकाला आपली जमीन हिंडून बघायला जीप लागते. कुही तालुक्यातल्या मालकाला साडेतीन एकर मोजून घ्यायला भूमी अभिलेखची तारीख लागते, आणि फाटक म्हणाल तर आडवी टाकलेली बाभळीची फांदी.

तरीही ‘वन्यजीवस्नेही शेतकरी’ प्रमाणपत्राची ही कल्पना नागपुरात उतरायला सिव्हिल लाइन्समधली एखादी कार्यशाळा पुरेल. जेवणाआधीच्या सत्रात ठराव, जेवणानंतरच्या सत्रात समिती. आणि समिती झाली की अर्जाचा नमुना आपोआप पाझरतो.

तो कसा असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. सातबारा, आठ-अ, आधार, फार्मर आयडी, बँक पासबुकाची प्रत. खातं सामायिक असेल तर सर्व सहहिस्सेदारांचं संमतीपत्र. म्हणजे पुण्याला दिलेल्या बहिणीची सही आली. मग ‘वन्यप्राण्यांच्या उपस्थितीचा पुरावा’ या रकान्यात जिओ-टॅग केलेला फोटो, ज्यात लाभार्थी आणि रानडुक्कर दोघांचेही चेहरे स्पष्ट दिसतील. डुक्कर पाठमोरं असल्यास अर्ज त्रुटीत. रोही (नीलगाय) आढळल्यास संख्या लिहावी, अंदाजे लिहू नये.

त्यानंतर पाहणी. जंगलखाकी टोपी घातलेला तरुण मूल्यांकनकार टॅबवर बोट फिरवत धुऱ्यावर उभा राहतो आणि विचारतो, ‘एकूण पिकाच्या किती टक्के भाग वन्यजीवांसाठी राखीव ठेवता?’

‘मी कायले ठेवतो साहेब?’ शेतकरी म्हणतो. ‘थेच घेतात. उरलं त मले ठेवतात.’

टॅबमध्ये या उत्तरासाठी पर्याय नसतो.

खरी गंमत त्याच्या पुढच्या प्रश्नात आहे. गेल्या तीन वर्षांत पीक नुकसानभरपाईसाठी अर्ज केला होता का? केला असेल, तर ती वन्यप्राण्याविरुद्धची लेखी तक्रार झाली, आणि तक्रारदाराला स्नेही कसं म्हणायचं? केला नसेल, तर त्याच्या वावरात वन्यप्राणी येतात याला पुरावा काय? वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक अशा तिघांची एकाच धुऱ्यावर, एकाच दिवशी गाठ पडून पंचनामा होण्याची वाट ज्याने पाहिली आहे, तो पहिल्याच गटात बाद होतो. आणि त्या खेपांना कंटाळून ज्याने अर्जच केला नाही, तो दुसऱ्या गटात. बहुतेक गाव याच दुसऱ्या गटात असतं.

कागद कमी करायचा असेल तर देशात एक साधा नमुना आहे. सेंद्रिय शेतीच्या पीजीएस पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासून एकमेकांना पास करतो. तिचं काम पाहणारं एक प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे. पद्धत स्वस्त आहे, शहाणी आहे. फक्त वन्यजीवांच्या बाबतीत ती लावायची तर ज्याच्याशी धुऱ्यावरून आजोबांपासून दावा चालू आहे, त्या शेजाऱ्याने लिहून द्यावं लागेल की डुकरं याच्या वावरातून माझ्या वावरात येतात, माझ्या वावरातून याच्या नव्हे. असं प्रमाणपत्र तो आनंदाने देईल, आणि पुढच्या तारखेला तेच दिवाणी कोर्टात दाखल करील.

हसण्यासारखं न राहिलेलं एक प्रकरण मात्र या भागाच्या नावावर आहे. उमरेड-कऱ्हांडल्याचा जय नावाचा वाघ २०१६ च्या एप्रिलात दिसेनासा झाला. त्यावर देशभर शाई सांडली. वर्षभराने, एप्रिल २०१७ मध्ये, त्याचा बछडा श्रीनिवास नागभीड परिसरात मेलेला सापडला. पिकाभोवतीच्या तारेत सोडलेल्या करंटने तो गेला होता आणि त्याला पुरलं होतं. शेतकऱ्याला अटक झाली. तार वाघासाठी नव्हती. ती असते डुकरासाठी, रोह्यासाठी. लाइनवर आकडा टाकून ओढलेली, उघडी, रात्रभर जिवंत. तिला वाघ, डुक्कर आणि पहाटे अंधारात निघालेला शेजारी यांतला फरक कळत नाही. अशी तार न लावणं हीच या भागातली वन्यजीवस्नेहाची सगळ्यांत खरी कसोटी आहे, आणि हजारो शेतकरी ती दर हंगामात पार करतात. त्यांच्यासाठी कोणत्याही अर्जात रकाना नाही, कारण न केलेल्या गुन्ह्याचा जिओ-टॅग फोटो निघत नाही.

तार न लावणारा करतो काय? धुऱ्यावर जुन्या साड्या बांधतो. डबे वाजवतो. मचाणावर जागल करतो. ऐपत असली तर झटका मशीन घेतो, जिचा झटका क्षणाचा असतो, जनावर दचकून पळतं, मरत नाही. २०१५ पासून चालू असलेल्या श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत अशा वैयक्तिक सौर कुंपणाला किमतीच्या ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, यांतलं जे कमी ते, अनुदान ठरलं. योजना चांगली. मात्र पावसाळ्यात तारेखालचं गवत वाढून तारेला टेकलं की करंट जमिनीत उतरतो आणि झटका जातो. दर आठ दिवसांनी ते गवत कापणं आलं. बॅटरी बसली की ती बदलणं आलं. हे आवर्ती प्रेम कोणत्याच अनुदानात बसत नाही.

आणि रात्र. शेतीपंपाची वीज चक्राकार पद्धतीने मिळते, पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रपाळी आली की ओलित करणारा माणूस बॅटरी, काठी आणि मोबाइलवर मोठ्याने लावलेलं गाणं घेऊन मोटरीकडे निघतो. पेंचच्या अंधारात तारे पाहायला पाहुणे दुर्बिणीपर्यंत गाडीने जातात. त्याच अंधारात गहू ओलवायला हा पायी जातो. अंधाराचा दर्जा उत्तम असल्याबद्दल दोघांचंही एकमत आहे. दिवसा वीज देण्यासाठी राज्याने २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती काढली. वन्यजीवस्नेही शेतकरी घडवणारं खरं खातं वनखातं नसून ऊर्जाखातं आहे, हे समितीत कुणी बोललं तर इतिवृत्तात ते ‘अन्य विषय’ म्हणून जाईल.

प्रमाणपत्राला पैसा चिकटला तर ते चालतं, याची उदाहरणं आहेत. आसामात ‘एलिफंट फ्रेंडली’ चहा निघाला. उदालगुडीच्या तेनझिंग बोडोसा यांचा मळा तसा प्रमाणित झालेला पहिला मळा म्हणून गाजला, कारण ते लेबल पाहून पुडा उचलणारं गिऱ्हाईक होतं. कोकणात जाळ्यात अडकलेलं कासव किंवा देवमासा सोडवण्यासाठी कोळ्याने जाळं कापलं, तर कांदळवन कक्ष २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतो. तिथे कुणी कोळ्याला कासवावर तुझं किती प्रेम आहे विचारत नाही, कापलेलं जाळं पाहतात.

आता वाघस्नेही तूर कळमन्याच्या बाजारात नेली असं धरा. अडत्या चुंगडीत हात खुपसतो, मूठभर दाणे तळहातावर पसरतो, एक दाताखाली फोडतो. ‘मॉइश्चर आहे,’ म्हणतो. शेतकरी प्रमाणपत्र पुढे करतो. अडत्या ते निरखून वाचतो, वाघाचं चित्र आवडल्याचं सांगतो आणि भाव पन्नास रुपयांनी पाडतो. जंगलाकाठचा माल, भिजला असणार.

तरी समारंभ होईलच. वसंतराव देशपांडे सभागृह, शाल, श्रीफळ, वाघाचं बोधचिन्ह छापलेली फ्रेम. आपल्या लाभार्थ्याचं नाव पुकारलं जाईल तेव्हा त्याचा पोरगा स्टेजवर चढेल, कारण बापाची त्या आठवड्यात रात्रपाळी असेल आणि झोप दिवसा काढायची असेल. फ्रेम घरी येईल, खिळा ठोकला जाईल. खालच्या बारीक अक्षरांतल्या अटी वाचायचं काम पोराकडे: वैधता एक वर्ष, नूतनीकरण ऑनलाइन, आणि डुकराचा फोटो तीन महिन्यांहून जुना चालणार नाही.