इसम अज्ञात

फाल्गुन लागला, की डिंभ्याच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कमरेला रात्री लाल करगोटा दिसू लागतो. धरण बघायला आलेली पुण्याची मंडळी गाडी कडेला घेऊन फोटो काढतात आणि 'वॉव' म्हणतात. आम्ही 'वणवा' म्हणतो. सुरुवात दोघांचीही 'व'नेच होते.

वणवा कोण लावतो, याचं सरकारदरबारी एकच उत्तर आहे: अज्ञात इसम. भारतीय वन अधिनियम 1927 सालचा. त्यातलं 26वं कलम याच इसमासाठी राखून ठेवलंय. म्हणजे गडी आता शंभरीला टेकला, तरी काडेपेटी घेऊन अजून डोंगर चढतो. कधी जुनं गवत जाळलं की नवं जोमानं फुटतं म्हणून, कधी राब भाजताना वाऱ्याकडे लक्ष नव्हतं म्हणून, कधी सशामागे, आणि हल्ली शनिवार-रविवारी चुलीवरचं मटण शिजवायला तो शहरातूनही येतो. या इसमाला आम्ही सगळे ओळखतो. साक्षीला बोलावलं, की मात्र सगळ्यांना कमी दिसतं.

सरकार स्वस्थ बसलेलं नाही, हेही सांगायला हवं. आभाळातून उपग्रह आग हेरतो आणि वनखात्याच्या मोबाइलवर संदेश धाडतो. वाडीतल्या मोबाइलला रेंज येते ती फक्त वरच्या टेकाडावर. टेकाड त्या वेळी जळत असतं.

पायथ्याशी धरण आहे, साडेतेरा टीएमसीचं. ते पाणी कालव्यातून शिरूर, पारनेर, कर्जतपर्यंत जातं. त्याला उतार पाठ आहे, चढ ठाऊक नाही. डोंगरावर ते हंड्यातूनच चढतं, आणि हंड्याखाली बाई असते.

गेल्या खेपेला मीही विझवायला गेलो होतो, म्हणजे मध्ये मध्ये आलो होतो. पोरांनी हिरव्या फांद्या मोडून जाळ झोडपायला घेतला. जाणत्यांनी पुढे जाऊन गवत कापून पट्टा मोकळा केला. मी सूचना देत होतो. एका आजींनी विळ्यानं दावं कापून म्हैस सोडली. मागं गोठा पेटला, शेजारची पेंढ्याची गंजी पेटली, तरी त्या हातातल्या तुकड्याकडे बघत म्हणाल्या, "नवं दावं व्हतं गं बाई." पहाटे आग आटोक्यात आली तेव्हा पोरांच्या हातांवरचे केस जळून गेले होते. माझे शाबूत होते.

दुसऱ्या दिवशी लोकांनी गोठा उभारायला घेतला. हे काम पार नियमबाह्य झालं. निविदा नाही, अंदाजपत्रक नाही, कोनशिला नाही. ज्याच्या घरी वासे होते त्यानं वासे दिले (ते मुळात कुठून आले, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही), कुणी कारवीचे कूड विणले, घरटी एक भारा पेंढा आला. याला इकडं सावड म्हणतात, इर्जिक म्हणतात. डोंगरउतारावर भाताची खाचरं पाडायला माणसं जमतात तेव्हा पडकई म्हणतात. सरकारीत याला 'लोकसहभाग' असा शब्द आहे. तो फलकावर लिहितात.

सरकारी पुनर्वसन आम्हाला नवं नाही. तालुक्याचं नाव आंबेगाव, आणि खुद्द जुनं आंबेगाव या धरणाच्या पाण्याखाली. 30 जुलै 2014ला वरचं माळीण डोंगराखाली गेलं. 151 माणसं गेली, आणि गाव दिसत नाही हे आधी कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरला. नवं माळीण आमडे इथं बांधलं. एप्रिल 2017मध्ये मुख्यमंत्र्यांच्या हस्ते ताब्यात दिलं आणि जूनच्या पहिल्याच पावसात रस्ते खचले. 3 जून 2020च्या निसर्ग वादळात हिरड्याची झाडं पडली, तर भरपाईसाठी लोकांना काही वर्षं आंदोलनं करावी लागली. बाळहिरड्यावर वाडीची वर्षाची मीठमिरची चालते. पण हिरड्याला पीक म्हणावं की झाड, हा प्रश्न सोपा नाही. त्याला फायली लागतात.

तर पंचनाम्याला साहेब आले आठव्या दिवशी. तलाठ्याचा आता ग्राम महसूल अधिकारी झालाय आणि ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी. पंचनाम्याचा कागद तोच आहे. अडचण अशी झाली, की गोठा उभा होता.

"जळालेला गोठा कुठंय?"

"हा काय, भाऊसाहेब."

"हा तर नवा आहे."

"जुना जळला म्हणून नवा केला."

"मग नुकसान दिसत नाही." भाऊसाहेबांचं तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. त्यांनी नव्या गोठ्यापुढे उभं राहून, अक्षांश-रेखांशासकट फोटो काढला. म्हशीनं कॅमेऱ्याकडे पाठ केली. मग कागद मांडीवर घेऊन ते आजींकडे वळले. आगीचं कारण: अज्ञात इसम. हे त्यांनी न विचारताच लिहिलं.

"आणि आजी, आग विझवली कोणी? खात्यानं, का अग्निशमननं?"

आजींनी ओसरीवर बसलेल्या, हातांना खोबरेल लावलेल्या पोरांकडे बघितलं. नव्या दाव्याला गाठ मारता मारता म्हणाल्या,

"लिवा की तेच. अज्ञात इसम."