झाकली मूठ सव्वा लाखाची

"काय गं वहिनी, आज धुणं वाळत घालायला एवढा उशीर?"

"रात्री पुस्तक हातातून सुटेना हो काकू. चंद्रावर आधी कोण पोचतं, ती रशिया-अमेरिकेची चढाओढ. काय एकेक भानगडी!"

"त्यात कसल्या भानगडी? स्पुटनिक, गागारिन, आर्मस्ट्राँग. शाळेत पाठ केलंय आम्ही."

"ते झालं पाठांतर. आतलं ऐका. रशियावाले काम फत्ते झाल्याशिवाय ब्र काढायचे नाहीत. ४ ऑक्टोबर १९५७ला ८३ किलोंचा गोळा वर सोडला आणि मग जगाला सांगितलं. दोन महिन्यांनी अमेरिकेनं कॅमेऱ्यांसमोर रॉकेट पेटवलं. ते चारेक फूट उचललं आणि तिथंच बसकण मारून भडकलं! पेपरवाल्यांनी 'फ्लॉपनिक' म्हणून नाव ठेवलं."

"शोभा झाली की! त्यापेक्षा झाकली मूठच बरी."

"बरी कसली? त्या लायका कुत्रीला रशियानं त्याच वर्षी नोव्हेंबरात वर पाठवलं. परत आणायची सोयच नव्हती. तरी म्हणे, काही दिवस जगली आणि त्रास न होता गेली. २००२मध्ये खरं बाहेर आलं. यान इतकं तापलं, की काही तासांतच जीव गेला."

"शिव शिव! मुक्या जिवाला कशाला ते."

"गागारिनचंही तेच. १२ एप्रिल १९६१, १०८ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारून खाली. पण तो यानातून नाही उतरला. सात किलोमीटरवर बाहेर पडून पॅराशूटनं आला. विक्रमाच्या नियमाप्रमाणे माणसानं यानासकट उतरायला हवं होतं, म्हणून चिडीचूप. शेतातल्या आजी-नात त्याचा तो नारिंगी पोशाख बघून घाबरल्या!"

"घाबरतील नाही तर काय! त्याच वर्षी मुंबईत येऊन गेला तो."

"आणि ज्यानं हे घडवलं, त्या कोरोल्योव्हचं नाव छापायला बंदी. १९६६च्या जानेवारीत तो वारला, तेव्हा लोकांना कळलं."

"म्हणजे नाव व्हायला मरावं लागलं! पण चंद्र मात्र अमेरिकेनं मारला ना?"

"माणूस त्यांचा. यंत्र रशियाचं आधी. १९५९मध्ये लूना-२ चंद्रावर आदळलं आणि पुढच्याच महिन्यात लूना-३नं चंद्राच्या पाठीचे फोटो काढले. माणूस न्यायचं म्हटल्यावर मात्र अडलं. त्यांचं एन-१ हे अवाढव्य रॉकेट ३ जुलै १९६९ला सुटलं न सुटलं तोच तळावर कोसळलं. सतरा दिवसांनी अमेरिकेचे दोघं चंद्रावर, सगळं जग टीव्हीला डोळे लावून. रशिया काय म्हणाला असेल? आम्ही शर्यतीत होतोच कुठं!"

"वा गं वा! त्या मोहिमेतले तिघंही त्या ऑक्टोबरात मुंबईत आले होते हो. हिंडून हिंडून जगाला दाखवत होते."

"दाखवणारच. चारचौघांत पडले होते, मग चारचौघांत मिरवायला नको? पण खरी गोष्ट तेरेश्कोवाची. १९६३ची, पहिली बाई. गिरणीत काम केलेली. आईला सांगितलं, पॅराशूटच्या सरावाला चाललेय. ४८ फेऱ्या मारल्या पोरीनं!"

"आईला बातम्यांतून कळलं असेल, बाई."

"तसंच झालं. वर गेल्यावर बघते तर टूथपेस्ट आहे, ब्रश ठेवायला विसरलेत. ते सोडा, यानाची दिशाच चुकीची बसवलेली. उतरायच्या वेळी खाली यायच्या ऐवजी आणखी वर गेली असती! तिच्या लक्षात आलं, तिनं कळवलं, खालून दुरुस्ती झाली. कोरोल्योव्ह म्हणाला, कुणाला सांगू नकोस. कित्येक वर्षं तिनं तोंड उघडलं नाही."

"आणि धर्मराजानं शाप दिलाय, बायकांच्या पोटात काही राहणार नाही म्हणून!"

"रशियापर्यंत पोचला नसावा, काकू."