इंग्रजी क्रियापदे आणि काळाचा बंदोबस्त

ज्या उमेदवाराने तर्खडकरांच्या पाठमालेतील भाषांतरे इमानेइतबारे केली आहेत, ‘गो’ म्हणजे जाणे आणि ‘पुट’ म्हणजे ठेवणे हे ज्यास झोपेतही सांगता येते, आणि केवळ एवढ्या भांडवलावर जो एखाद्या इंग्रजी कारभाराच्या कचेरीत सभांची टिपणे लिहिण्यास रुजू झाला आहे, त्याच्या हितार्थ ही नियमावली सिद्ध केली आहे. अशा उमेदवारास अल्पावधीतच कळून चुकते की, क्रियापद परिचयाचे असते, वार परिचयाचा असतो, मध्ये बसलेले अव्यय तर जेमतेम दोन अक्षरांचे असते. तथापि तिघांची गाठ पडली म्हणजे सभा नेमकी कधी आहे याचा थांग भल्याभल्यांस लागत नाही.

ही अडचण नवी नाही. डॉक्टर जॉन्सन यांनी १७५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच, क्रियापदास अव्यय जोडून अर्थ पालटण्याची ही रीत परकीयांस फार जड जाते, अशी नोंद करून ठेवली होती. या जोडशब्दांस ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या १९२५ सालच्या ग्रंथात मिळाले, आणि तेही ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवले म्हणून. तक्रार दाखल झाल्यापासून नामकरण होईपर्यंत १७० वर्षे लोटली. ज्या शब्दांचे स्वतःचे काम इतक्या सावकाशीने निकालात निघाले, त्यांच्याकडून आपल्या सभेची तारीख तातडीने कळेल, अशी अपेक्षा उमेदवाराने धरू नये.

कलम पहिले: अव्ययाचा स्वभाव ओळखावा. ‘ऑन’ हे अव्यय चिवट असून जे चालले आहे ते चालू ठेवते. ‘अप’ हे हिशेब मिटवते, म्हणूनच ‘टाइम इज अप’ असे पुकारले जाताच परीक्षार्थ्याने लेखणी खाली ठेवावयाची असते. ‘अवे’ हे उधळपट्टीचे असून ‘व्हाइल अवे’ म्हटले की पुढे ‘द आफ्टरनून’ अथवा ‘द अवर्स’ हवेतच, कारण सबंध दुपार हाती असल्याखेरीज ती घालवण्यात प्रतिष्ठा नाही. प्रत्येक क्रियापदास कालावधीची स्वतःची आवड असते, आणि ती मोडू नये. सभा ‘ड्रॅग ऑन’ करते ती ‘फॉर अवर्स’. पाच मिनिटे रेंगाळलेल्या सभेस हे क्रियापद लावणे हा अध्यक्षांच्या कर्तबगारीचा अधिक्षेप होय. उलटपक्षी ‘हँग ऑन’ या विनंतीबरोबर ‘अ मिनिट’ किंवा ‘अ सेकंड’ एवढेच शोभते. या सेकंदाचा ग्रीनिचच्या वेधशाळेशी कोणताही संबंध नसून, दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकावरील गृहस्थ चहा संपवून परत येईपर्यंतचा काळ, अशी त्याची व्याख्या मानावी.

कलम दुसरे: पुढे आणि मागे यांचा घोटाळा. मराठी माणसाचा घात होतो तो येथे. आपल्याकडे सभा ‘पुढे ढकलली’ की ती लांबणीवर पडते, आणि घड्याळ ‘पुढे केले’ की काटेही नंतरच्या वेळेकडे सरकतात. भाषेचा आणि काट्यांचा येथे तंटा नाही. इंग्रजीत मात्र ‘ब्रिंग फॉरवर्ड’ केलेली सभा अलीकडे येते आणि ‘पुट बॅक’ केलेली लांबते. एवढे पाठ करून उमेदवार सुटकेचा निःश्वास टाकतो न टाकतो, तोच मार्च महिन्याचा शेवटचा रविवार उजाडतो. विल्यम विलेट यांनी १९०७ मध्ये ज्याचा पुरस्कार केला आणि युद्धाच्या निकडीने ब्रिटनमध्ये जो प्रथम २१ मे १९१६ रोजी अमलात आला, त्या उन्हाळी वेळेच्या प्रघातानुसार त्या पहाटे सर्व घड्याळे ‘फॉरवर्ड’ करावयाची असतात, म्हणजे एकाचे दोन वाजवावयाचे असतात. आणि ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी ती ‘बॅक’ नेऊन दोनाचा पुन्हा एक करावयाचा असतो. सारांश, ज्या ‘बॅक’ने सभा उशिरा होते त्याच ‘बॅक’ने घड्याळाचा काटा लवकरच्या आकड्यावर जातो. यातून वाट काढण्यासाठी भारतीय इंग्रजीने ‘पोस्टपोन’च्या धर्तीवर ‘प्रीपोन’ हे अव्ययरहित, निःसंदिग्ध क्रियापद रूढ केले. परंतु ते ऐकताच कित्येक इंग्रजांच्या कपाळास आठ्या पडतात, कारण गोंधळ हा त्यांच्या भाषेचा वारसाहक्क असून तो परक्यांनी परस्पर मोडीत काढणे त्यांस रुचत नाही.

कलम तिसरे: ‘टिल’ आणि ‘बाय’ यांतील भेद. ‘हँड इन बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार ही मुदत. कागद त्याआधी केव्हाही सादर करावा. ‘कॅरी ऑन टिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारपर्यंत अखंड राबावे. पहिल्याचा अर्थ दुसऱ्यासारखा लावणारा उमेदवार विनाकारण झिजतो आणि दुसऱ्याचा पहिल्यासारखा लावणारा नोकरीस मुकतो. तसेच ‘पुट ऑफ’बरोबर ‘टिल मंडे’ आले तर सभा सोमवारी आहे असे समजावे. ‘पुट बॅक’बरोबर ‘बाय अ वीक’ आले तर मूळच्या तारखेत आठवडा मिळवावा, आणि मूळची तारीखही यापूर्वी दोनदा बदललेली असल्यास जुने दप्तर काढून बेरीज प्रारंभापासून मांडावी. सर्वनाम आले असता ते क्रियापद आणि अव्यय यांच्या मध्ये बसवून ‘पुट इट ऑफ’ म्हणावे. ‘पुट ऑफ इट’ म्हणणाऱ्याची सभा तहकूब होते की नाही हे सांगता येत नाही, त्याची बढती मात्र होते.

कलम चौथे: बिनतारखेच्या कालवाचकांचा विनियोग. येथवर जे सांगितले ते ज्यांस आज्ञा पाळावयाच्या आहेत त्यांच्यासाठी. आता ज्यांस आश्वासने द्यावयाची आहेत त्यांच्यासाठी. जाणत्या अंमलदारास पक्के ठाऊक असते की, वाक्यातील क्रियापद कितीही तडफदार असले तरी जबाबदारी चिकटते ती कालवाचक शब्दास. सबब क्रियापद सढळ हाताने वापरावे आणि काळ मात्र जपून. ‘वी विल लुक इनटू इट’ या वचनास ‘बाय ट्यूझडे’ जोडणे म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःवर समन्स बजावणे. त्याच वचनास ‘इन ड्यू कोर्स’ जोडले की आपल्या सरकारी पत्रांतील ‘यथावकाश’ जे पुण्यकर्म पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहे तेच साधते. ‘आय विल गेट बॅक टू यू’ याच्यापुढे ‘शॉर्टली’ लिहावे; या ‘शॉर्टली’ची लांबी मोजण्याचे साधन अर्जदारापाशी नसते. ‘पुट ऑफ फॉर द टाइम बीइंग’ हा तर मुकुटमणी होय, कारण त्यातील ‘तूर्त’ केव्हा संपले हे ठरविण्याचा अधिकार ज्याने काम लांबवले त्याच्याकडेच राहतो.

कलम पाचवे: अंतिम कसोटी. ‘नेक्स्ट वेन्सडेज मीटिंग हॅज बीन मूव्ह्ड फॉरवर्ड टू डेज.’ बुधवारची सभा आता कधी? बोरोडिट्स्की आणि रॅम्स्कर या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच प्रश्न इंग्रजी जाणणाऱ्यांनाच विचारला, तेव्हा जवळजवळ निम्म्यांनी सोमवार सांगितला आणि उरलेल्यांनी शुक्रवार. विमानतळावर नुकतेच उतरलेले अथवा विमानात बसण्यास निघालेले लोक शुक्रवारकडे अधिक झुकले, कारण जो स्वतः प्रवासात असतो त्यास काळातून आपणच पुढे जात आहोत असे वाटते, आणि जो स्वस्थ बसून असतो त्यास काळच आपल्याकडे चालत येत आहे असे वाटते. यावरून उमेदवाराने एवढाच बोध घ्यावा की, अशा सूचनेचा अर्थ लावण्यापूर्वी ती लिहिणारे साहेब त्या वेळी खुर्चीत होते की विमानतळावर, याची चौकशी त्यांच्या शिपायाकडे करावी.

चौकशी करण्याइतकी सलगी नसेल, तर स्वतः लिहिताना अव्ययास रजा देऊन तारीख आकड्यांत लिहावी, असा सोपा उपाय कोणी सुचवील. त्यातही मेख आहे: ५/६ ही तारीख लंडनमध्ये ५ जून आणि न्यूयॉर्कमध्ये ६ मे ठरते. म्हणून दिवस अंकी, महिना अक्षरी, वर्ष पूर्ण आणि वेळ कोणत्या शहराची तेही लिहावे. असे केल्यावर सभा कधी आहे याविषयी दोन मते उरत नाहीत. परंतु त्याबरोबरच उशिरा येणाऱ्यास सबब, न येणाऱ्यास निमित्त आणि काम न करणाऱ्यास मुदतवाढ मिळण्याची सोयही नष्ट होते. हा तोटा ज्या कचेरीस सोसवत असेल, तिनेच हा शेवटचा उपाय योजावा.