मूळ मालकाच्या नावानं

महाराष्ट्रात जुनी मोटरसायकल दोनच प्रकारची माणसं विकतात. डॉक्टर आणि शिक्षक. जाहिरातींवर विश्वास ठेवायचा तर निदान तसंच दिसतं. ‘डॉक्टर युज्ड’, ‘सरांची गाडी’, ‘एकहाती’, ‘फक्त घर ते शाळा’. शंभर सीसीच्या जेवढ्या गाड्या डॉक्टरांनी वापरल्याचं सांगितलं जातं तेवढे डॉक्टर खरोखर असते, तर प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या रिकाम्या खुर्च्या केव्हाच भरल्या असत्या. दूध घालणाऱ्याची गाडी मात्र कधी विकायला निघत नाही. पेपर टाकणाऱ्याची नाही, कुरिअरवाल्याची नाही, चाकणला तिन्ही शिफ्ट करणाऱ्याची तर नाहीच नाही. मागे सिलिंडर बांधून वर्षानुवर्षं चढ चढलेल्या या गाड्या जातात तरी कुठे? त्या एजंटकडे जातात, पॉलिश होतात आणि डॉक्टर होऊन बाहेर पडतात. इतकं स्वस्त वैद्यकीय शिक्षण देशात दुसरीकडे कुठे मिळत असेल असं वाटत नाही.

सप्टेंबर 2025मध्ये सरकारनं 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18वर आणला, तेव्हा नव्याबरोबर जुनीचेही भाव खाली येतील असं काही भोळ्या जीवांना वाटलं होतं. जुन्या गाडीच्या किमतीत कराचा वाटा थोडा आणि भावनेचा जास्त असतो, हे ते विसरले. भावनेवरचा दर ठरवणारी कौन्सिल अजून स्थापन व्हायची आहे.

या भावनेचा कळस म्हणजे ‘हिरो होंडा’. 1985 साली सीडी 100 आली, 1994 साली स्प्लेंडर आली आणि निम्म्या महाराष्ट्राची नोकरी, शेती, शाळा आणि लग्नाची खरेदी तिच्यावर झाली. 2010च्या डिसेंबरात दोन्ही कंपन्यांनी वेगळं व्हायचं जाहीर केलं, पुढच्या वर्षी नावही बदललं. बाजारानं मात्र ही फाळणी मनानं स्वीकारलेली नाही. टाकीवर जुनं नाव असलं की ‘ओरिजिनल होंडाचं इंजिन आहे साहेब’ म्हणत चार-पाच हजार जास्त मागितले जातात. साहजिकच फाळणीनंतर जन्मलेल्या कित्येक गाड्यांच्या टाक्यांवर फाळणीपूर्व स्टिकर झळकतात. खरं साल बघायचं तर हँडलखाली वाकून चेसिसवर ठोकलेला नंबर वाचावा लागतो आणि आरसी बुकाशी ताडून बघावा लागतो. एवढं वाकणारं गिऱ्हाईक एजंटला मनापासून आवडत नाही.

गाडी बघायला सकाळी जावं, असं जाणते सांगतात. रात्रभर उभं राहिलेलं इंजिन थंड असतं आणि झिजलेल्या इंजिनाला थंडपणी सोंग आणता येत नाही. पहिल्या किकला निळसर धूर मारला की ऑइल जळतंय, हे शेजारच्या पानवाल्यालासुद्धा कळतं. पण विकणारा तुमच्याही आधी उठलेला असतो. तुम्ही पोचता तेव्हा गाडी पुसून, साइड स्टँडवर किंचित तिरकी करून, नातेवाइकांच्या फोटोत उभं राहावं तशी उभी असते. इंजिनाला हात लावावा तर चटका.

‘गरम कशी हो गाडी?’

‘आत्ताच पोराला क्लासला सोडून आलो.’

रविवार, सकाळचे सात. पोरगं आत कॉटवर झोपलेलं खिडकीतून दिसतं.

मग मीटर. जुन्या मीटरची केबल पुढच्या चाकातून येते. ती खालून सोडवली की गाडी पळते आणि मीटर झोपतं. कित्येक मीटरना तर पाचच आकडे, म्हणजे 99,999 झाले की गाडी पुन्हा शून्याचा जन्म घेते. त्यामुळे ‘फक्त तेवीस हजार’ हे वाक्य खोटं असतंच असं नाही. ते कितव्या जन्मातले तेवीस हजार, एवढंच विचारायचं राहून जातं. मीटरपेक्षा खाली बघावं. हँडलच्या ग्रिपा कालच बसवलेल्या असतात, सीट कव्हरला नव्या रेक्झिनचा वास येत असतो, पण मागच्या ब्रेकच्या पेडलकडे कुणाचं लक्ष गेलेलं नसतं. बुटाच्या तळव्यानं घासघासून त्यावरच्या खाचा गेलेल्या असतात आणि लोखंड देवळाच्या उंबऱ्यासारखं गुळगुळीत झालेलं असतं. तेवीस हजारांत ते तसं होत नाही. टायरचंही तेच. ‘दोन्ही टायर नवे’ म्हणतात तेव्हा त्यांना काळं पॉलिश नवं लावलेलं असतं. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. 1418 असेल तर तो 2018 सालच्या चौदाव्या आठवड्यातला. अर्थात नव्याची व्याख्या ज्याची त्यानं करायची.

हे सगळं आपल्याला कळत नाही म्हणून आपण सोबत ‘गाडीतलं कळणारा’ माणूस नेतो. प्रत्येक घराण्यात तो एक असतो. तो गाडीभोवती एक फेरी मारतो, टायरला लाथ घालतो, किक मारतो, अ‍ॅक्सिलरेटर पिळतो, डोळे मिटून मान तिरकी करतो आणि म्हणतो, ‘टायमिंग चेनचा आवाज आहे.’ विकणारा म्हणतो, ‘तो टॅपेटचा आहे.’ दोघांची दहा मिनिटं विद्वत्सभा चालते. गिऱ्हाईक गप्प. शेवटी ‘कळणारा’ पुढच्या चौकापर्यंत चक्कर मारून येतो आणि निकाल देतो: ‘थोडं काम आहे, पण घेऊन टाक.’ हा निकाल आजवर बदललेला ऐकलेला नाही. ‘घेऊ नको’ म्हणणारा माणूस पुढच्या वेळी कुणी सोबत नेत नाही, आणि फुकटच्या मिसळीला मुकायची त्याची तयारी नसते.

इथवर सगळी गंमत. खरा कारभार पुढे, कागदांपाशी सुरू होतो.

मोटार वाहन कायद्याच्या 50व्या कलमानुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं 14 दिवसांत आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म 29, फॉर्म 30, चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासून काढलेला छाप, विमा, पीयूसी. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म 35. यात अवघड असं काही नाही. म्हणूनच बहुधा कुणी करत नाही. त्याऐवजी आपल्याकडे ‘टीटी फॉर्मवर सही’ नावाचा विधी आहे. विकणारा कोऱ्या फॉर्मवर सह्या करतो, घेणारा पैसे मोजतो, दोघं चहा पितात आणि ‘नाव नंतर लावून घ्या’ या वाक्यानं समारंभ संपतो. या माणसाला सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीच्या ठरावावर सही करायला सांगा. तो ठराव तीनदा वाचेल, मागच्या इतिवृत्ताची प्रत मागेल आणि अखेर ‘माझा विरोध नोंदवा’ म्हणेल. पण रस्त्यावर भेटलेल्या अनोळखी माणसाला कोऱ्या कागदावर सही देताना त्याचा हात थरथरत नाही.

‘नंतर’ येत नाही. घेणारा दोन वर्षं गाडी वापरतो आणि त्याच सहीच्या फॉर्मसकट तिसऱ्याला विकतो. तिसरा चौथ्याला. फॉर्मची घडी फाटते, सेलोटेप लागते, पण सही पहिलीच. दरम्यान गाडीतलं बाकी सगळं बदलून झालेलं असतं. टाकी अपघातात गेली, ती दुसरी आली. बोअर-पिस्टन झालं, क्लच प्लेटा झाल्या, मडगार्ड प्लास्टिकचं आलं, हॉर्न बदलला, सायलेन्सर तर पोरांनी हौसेनं बदलला. टिकून राहतं ते एवढंच: आरसी बुकातलं नाव. म्हणून ‘एकहाती’ ही जाहिरात कागदोपत्री शंभर टक्के खरी असते, आणि हे कबूल न करणारे आपण उगाच एजंटांना खोटारडे म्हणतो.

आता देखभाल. सीडी 100च्या जुन्या जाहिरातीचा मथितार्थ असा होता की टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा. मराठी माणसानं त्यातला विसरण्याचा भाग शब्दशः पाळला. या इंजिनात साधारण लिटरभर ऑइल मावतं. ते वेळेवर बदललं तर हे इंजिन मालकाची मुलं कॉलेजला जाईपर्यंत कुरकुरत नाही. त्याची साधी रचना हाच त्याचा मोठेपणा, आणि हे मी उपहासानं म्हणत नाही. पण ऑइलला चार-साडेचारशे रुपये पडतात, आणि ते दिसत नाही. दिसतो तो खंडेनवमीचा हार. त्या दिवशी गाडी धुतली जाते, हळदीकुंकू लागतं, झेंडूची माळ पडते, हँडलला लिंबू-मिरची लटकते. ऑइलची पट्टी बाहेर काढून बघितली तर तिच्या टोकाला काकवीसारखं काही तरी चिकटलेलं असतं, पण सणाच्या दिवशी असलं बघू नये. चेनची निगा त्याहून सोपी. दुसऱ्याच्या इंजिनातून काढलेलं जळकं काळं ऑइल मेकॅनिककडे डबड्यात असतंच, तेच ब्रशनं फासायचं. फुकट असल्यामुळे ते गुणकारी आहे यावर सर्वांचं एकमत आहे.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक गाडीकडे बघून पहिलं काही विचारत असेल तर ते एवढंच, ‘आधी कुणी हात लावलाय हिला?’ याचं उत्तर कोणतंही द्या, तो मान हलवतो. आधीच्यानं वाट लावलेली असते. तुम्ही त्याच्याकडेच सहा महिन्यांपूर्वी आला होतात हे सांगू नका. कार्बोरेटरच्या गाडीवर मात्र त्याचा जीव असतो. एप्रिल 2020पासून बीएस-6 आलं आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं, तेव्हापासून तो ‘सेन्सर’ हा शब्द सापाचं नाव घ्यावं तसा उच्चारतो. कार्बोरेटर खोलता येतो, तोंडानं फुंकता येतो, पेट्रोलमध्ये बुडवून ठेवता येतो. फुंकल्यावर बरा होणारा आजार दोघांनाही परवडतो. आधी गाडी बंद पडली की ‘पेट्रोलमध्ये पाणी आहे’ हे निदान असायचं. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलं आहे, त्यामुळे शास्त्र पुढे गेलं. जुन्या गाडीतली रबरं त्यासाठी केलेली नव्हती हे खरंच आहे, पण आता तुटलेली क्लच केबल आणि फ्यूज गेलेला बल्बसुद्धा इथेनॉलच्याच खात्यावर जातो. कोल्हापूर पासिंगच्या गाडीला उसाचं वावडं कसं, असं एकदा विचारून बघावं. उत्तर मिळत नाही, बिल मात्र वाढतं.

आणि या सगळ्यात मूळ मालक काय करत असतो? तो चलन वाचत असतो.

समजा गाडी सातारा पासिंग. मालक सुखानं रिटायर झाला आहे, गाडी त्यानं केव्हाच विकली आहे, तिचा रंगसुद्धा त्याला नीट आठवत नाही. पण सरकारदरबारी मोबाइल नंबर त्याचा. मग पुण्यातल्या कॅमेऱ्यांच्या कृपेनं मेसेज येऊ लागतात. स्वारगेटला सिग्नल तोडला. कात्रजला ट्रिपल सीट. हडपसरला विनाहेल्मेट, सोबत फोटो. मुलगा आठवड्यातून एकदा फोन करतो, गाडी त्याहून नियमित कळवते. लग्नाच्या मोसमात ट्रिपल सीट वाढतं, परीक्षांच्या काळात कमी होतं, यावरून हल्ली ती कॉलेजच्या पोराकडे आहे असा निष्कर्ष म्हातारा काढतो. गंमत वाटते तोवर ठीक. सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली स्पष्ट केलं आहे की गाडी मधल्या मध्ये कितीही हात फिरली तरी नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्यानं मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. म्हणजे ज्यानं आयुष्यात कुणाला जामीन राहायचं नाही असं ठरवलं होतं, तो पंचवीस हजारांच्या व्यवहारात चार अनोळखी पोरांना जामीन राहिलेला असतो.

चौथ्या वापरकर्त्याला ही नीती-अनीती शिवत नाही. त्याला मूळ मालक आठवतो तो दुसऱ्याच कारणानं. पंधरा वर्षं भरतात आणि नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, तपासणी समोर उभी राहते. एप्रिल 2019च्या आधीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लावायची असते. त्या प्लेटची मुदत सरकारनं इतक्या वेळा वाढवली की लोकांनी ती प्लेट न बसवता मुदतच वापरली. शेवटी एजंट सांगतो की सेलोटेप लावलेला तो फॉर्म आता चालायचा नाही. सगळं ऑनलाइन झालंय. ओटीपी मालकाच्या मोबाइलवर जाणार.

मग एका रविवारी पुण्याचा पोरगा बाकरवडीचा पुडा घेऊन, त्याच गाडीवर खंबाटकी चढून, विचारत विचारत साताऱ्याच्या त्या आळीत पोचतो. म्हातारा पायजम्यावर बाहेर येतो. पुडा घेत नाही. आधी खिशातून कागद काढतो, त्यावर चलनांची यादी तारीखवार लिहिलेली असते. ती भरली जाते, जागेवर, फोनवरून. मग तो गाडीभोवती फिरतो.

‘टाकी माझी नाही.’

‘बदललीय काका.’

‘सीट माझं नाही. हा आरसा तर नाहीच.’

‘काका, ओटीपी आला असेल.’

‘आलाय. किती देते आता?’

‘पंचावन्न देते.’

‘शक्य नाही,’ काका म्हणाले. ‘माझ्याकडे पंच्याहत्तर देत होती.’

पोरगा म्हणाला, काका, पंच्याहत्तर कुणाचीच देत नाही. काका म्हणाले, घरात डायरी आहे, पेट्रोलच्या नोंदी आहेत, आणून दाखवतो. ते आत गेले, डायरी घेऊन आले, चष्म्यासाठी पुन्हा आत गेले, आणि 2011 सालच्या पानावर बोट ठेवेपर्यंत ओटीपीची मुदत संपली होती.