दोषाला आला भाव

2010 च्या आसपास लग्नकार्यांत मिरवलेले आणि पुढे मोबाइलने कपाटात बसवलेले कूलपिक्स, सायबरशॉट हे छोटे डिजिटल कॅमेरे आता पुन्हा मनगटाला लटकू लागलेत. कॉलेजातल्या पोरांना ‘तसा’ फोटो हवा असतो: चेहरा पांढराफटक, मागे मिट्ट काळोख.

ज्या दोषापायी बापाने कॅमेरा टाकला, त्याच दोषासाठी लेक नागपूरच्या बर्डीवर पैसे मोजायला तयार.

निवड मात्र अजूनही मेगापिक्सेलवरच. आतला सेन्सर जेमतेम 6 मिलिमीटर रुंद, करंगळीच्या नखाहून लहान. त्यात 16 मेगापिक्सेल कोंबले की संध्याकाळच्या फोटोत नुसते दाणे. डिजिटल झूम म्हणजे निव्वळ कात्री, पण तिचेही ‘एक्स’ कौतुकाने सांगितले जातात. फ्लॅश तीन-चार मीटरवर दम सोडतो. तरी फुटाळा तलावाच्या काठावरून तो थेट पलीकडच्या दिव्यांवर मारायचाच!

खरी परीक्षा तान्ह्या पोळ्याला. 1881 पासून मिरवणुकीने निघणारा काळ्या मारबतीचा पुतळा समोर येतो, बटण दाबले जाते, कॅमेरा घरघरत फोकस शोधतो आणि फोटोत उमटते पुढच्याची टाळू. बटण आधी अर्धे दाबून फोकस धरून ठेवायचा, हे माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते. पुस्तिका वॉरंटी कार्डासकट अजून सीलबंद आहे; वॉरंटी तेवढी संपली.