घासलेलं नाणं दुर्मीळ आहे का? घरबसल्या ओळखा

नगरकडच्या कर्जत तालुक्यात पाऊस कमी, पण जेव्हा पडतो तेव्हा पांढरीची, म्हणजे जुन्या गावठाणाची, माती धुऊन नेतो आणि खालची नाणी वर येतात. काळीत ज्वारी, पांढरीत नाणी, अशी आमच्याकडची पीकपद्धती. आमच्या धाब्याच्या घरावर हीच पांढरी माती टाकलेली. त्यामुळे आमचं नाणं छतातून पडलं, थेट आत्याच्या परातीत. तिने ते पिठातून काढलं, पदराला पुसलं आणि सांगितलं, "शिवाजी महाराजांचं आहे. सोन्याचं." नाणं तांब्याचं होतं. पुढचं मार्गदर्शन त्या अनुभवातून आलेलं आहे.

आधी तज्ज्ञांचं मत घ्या. त्यासाठी एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या टेबलावर नाणं ठेवायचं आणि गप्प बसायचं. एकाला हत्ती दिसेल, दुसऱ्याला तलवार, तिसरा म्हणेल, "ही उर्दू आहे, म्हणजे निजामशाही." नगर इतकं जवळ असल्याने निजामशाही इथे कुणालाही परवडते. नाण्यावर जितकं कमी दिसतं तितकी बघणाऱ्याची खात्री जास्त, हा या शास्त्राचा पाया समजा. स्वच्छ अक्षरांच्या नाण्यावर कुणी दोन मिनिटंही भांडत नाही.

मग वय काढा, आणि काढल्यावर विसरून जा. जुनं म्हणजे दुर्मीळ हा समज जोगलटेंभीने 1906 सालीच मोडला. नाशिक जिल्ह्यातल्या त्या गावात क्षत्रप राजा नहपानाची 13,000 च्या वर चांदीची नाणी एका ठिकाणी सापडली. त्यातल्या 9,000 हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारला होता. जवळपास दोन हजार वर्षं जुना माल, पण ढिगाने. आपल्या घरचा राणीछाप रुपयाही तसाच. त्यावर 1862 लिहिलेलं असतं, म्हणून तो त्या एकाच वर्षातला, असं आजोबा सांगत. टाकसाळीने ते साल बदलायचेच कष्ट घेतले नाहीत आणि 1874 पर्यंत 1862 चेच रुपये पाडले.

आता खरी परीक्षा. रात्री दिवा घालवा, नाणं जमिनीवर ठेवा आणि मोबाइलची बॅटरी अगदी आडवी धरा. वरून उजेड मारला तर नुसता तांब्याचा तुकडा दिसतो. आडव्या उजेडात मात्र झिजलेल्या अक्षरांच्याही सावल्या पडतात. नाणं सावकाश फिरवत राहा. आमच्या नाण्यावर तिसऱ्या फेरीला कडेचे ठिपके उमटले, मग 'छ'चं पोट, मग 'त्र'चा तिरका पाय. वर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली तेव्हा खाली 'पति' आलं. उलटून पाहिलं तर 'श्री' आणि 'राजा' जवळजवळ गेलेलं, 'शिव'मधला फक्त 'व' शाबूत. शिवराईच!

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिथेच थांबवा. शिवराई 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी सुरू झाली हे खरं, पण पुढे दीडशेएक वर्षं ती अनेक टाकसाळींत, नाना वळणांच्या अक्षरांत पडतच राहिली. 'शिव'चं कुठे 'सिव' झालं, कुठे 'सीव'. मजकुराच्या मधोमध दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, म्हणजे पेशवाईच्या अखेरची किंवा त्याच्याही नंतरची. आमच्या नाण्यावर रेघा दोन होत्या. मी एक अंगठ्याने झाकून पाहिली.

मग सोनाराकडे जा. काट्यावर ठेवायला सांगा, विकायचं आहे असं म्हणू नका. सुरुवातीच्या शिवराया जड, अकरा-बारा ग्रॅमच्या आसपास. आमची साडेआठ भरली. चांदीचा रुपया असेल तर 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. 'रुपयाभार' हे माप तिथूनच आलं. दगडावर टाकल्यावर खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर घरी परत या. एका बाजूला राम-सीता आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, साल 1818 किंवा चक्क 1616, असं नाणं असेल तर वाजवायचीही गरज नाही. कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नाही.

विकायचंच म्हणाल तर वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याला पाच लाख देणारा माणूस फोनवर भेटतो. तो आधी 'नोंदणी'चे बाराशे रुपये मागतो. माझ्या भाच्याने पाठवले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच सांगितलं होतं की अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण कसलीही फी घेत नाही. भाच्याला ते 1,200 रुपये गेल्यावर सापडलं.

कायद्याचंही सांगून ठेवतो. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेला ऐवज 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचा असेल तर कलेक्टरला कळवावं लागतं. स्टँडवरचा चहा आता तेवढ्यालाच मिळतो. छतातून पडलेल्या नाण्याबद्दल कायदा काय म्हणतो यावर आमच्या टेबलावर अजून एकमत नाही.

खरंच शंका असेल तर नगरचं ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्थाही आहे. तिथे जाताना नाणं जसं सापडलं तसंच न्या. चिंच, लिंबू, राख, पितांबरी यातलं काहीही लावू नका. त्याने मळाबरोबर उरलंसुरलं अक्षरही जातं आणि जाणकार चकचकीत तांबं हातातही धरत नाही.

आमची शिवराई दुदांडी होती, झिजलेली होती आणि सर्रास मिळणारी होती. मी ती देव्हाऱ्यात ठेवली. धनत्रयोदशीला आत्याने चिंच लावून ती अशी घासली की 'पति' गेलं, 'छत्र' गेलं, दोन्ही रेघाही गेल्या. आता त्यावर काहीच दिसत नाही, आणि स्टँडवर तो सोन्याचा होन असल्याबद्दल कुणालाही शंका उरलेली नाही.